एकोणतीस फेब्रुवारीची सही

॥ श्रीबिंदुमाधव प्रसन्न ॥

रामघाट, काशी
४ मार्च १९९६

चि. शार्दूल यास अंबिकाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना होईल. विमान चालवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात हे मान्य, पण तुझे कुठं गुंतलेत? अजून तर तू जमिनीवरच आहेस. तेव्हा एक कार्ड टाकायला हरकत नाही. इथं गल्लीत होळीची लाकडं रचून झाली आहेत आणि पोरांनी आपल्या जुन्या खाटेचा पायही त्यात नेऊन घातलाय. अण्णा म्हणाले, जाऊ दे, खाट तशीही डुगडुगत होती.

तुझे कॅप्टन टेंभेकर येऊन गेले. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. अठ्ठावीसला आले, एक तारखेला परतले, तीन दिवस आपल्याकडेच उतरले होते. एकोणतीसला पंचगंगा घाटावर अण्णांनी श्राद्ध केलं, मग घरी ब्राह्मणभोजन. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं मी एकटीनं रांधलं. खीर त्यांनी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर अण्णांनी यजमानांची वही काढली. त्यांच्या पणजोबांचं मोडी अक्षर, त्याखाली आजोबांची सही, मग वडिलांची. त्याखाली यांनी सही केली, तारीख घातली. एवढा मोठा माणूस, पण सही करताना डोळे भरले होते. मलाही बरं वाटलं.

तुझी चौकशी आम्ही केलीच. म्हणाले, मुलगा हुशार आहे, आता विमानावर चढवतोच. अण्णा दिवसभर खूश. गेल्या वर्षी हेच गृहस्थ अस्थी घेऊन आले नसते, तर लायसन घेऊन दोन वर्षं घरी बसलेला तू आजही ओट्यावर बसूनच आकाशाकडे बघत असतास. ‘मेघयान’ कंपनी नवी आहे, प्रशिक्षणाचा खर्च मुलानं करायचा आणि नोकरी कंपनीनं द्यायची, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आईच्या पाटल्या आणि माझ्या लग्नाची ठेव मोडली म्हणून तू दोन दिवस जेवला नव्हतास. आता तरी पोटभर जेव. जबलपूरचे लोक थांबायला तयार आहेत. सुशांतरावांचंच पत्र होतं, अक्षर छान आहे. तू पगारावर लागलास की मी बोहल्यावर, असं इथं ठरलंय. म्हणून म्हणते, घाई कर.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई

अंधेरी, मुंबई
२२ एप्रिल १९९६

ती. ताईस शार्दूलचा शि. सा. नमस्कार.

ताई, मी विमानात बसलो. उजव्या बाजूच्या खुर्चीत, अंगावर पांढरा शर्ट, खांद्यावर दोन पट्ट्या. शर्ट विष्णूनं इस्त्री करून दिला. विष्णू म्हणजे माझ्या खोलीवरचा, साताऱ्याचा, माझ्याच तुकडीतला. त्याच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकून याचे पैसे भरलेत.

एक गोष्ट तुलाच सांगतो, अण्णांना सांगू नकोस. या जातीच्या विमानावर प्रवासी घेण्याआधी रिकामं विमान घेऊन, शिक्षकाला शेजारी बसवून, सहा वेळा उतरवावं लागतं. तसा नियम आहे. आमच्यासाठी विमान कधी मोकळंच झालं नाही. मार्च संपता संपता ऑफिसातल्या कारकुनानं आमची लॉगबुकं आणि सरकारी कागद पुढं ठेवले. सहाही उतरणं झाली असं लिहिलेलं होतं. कॅप्टन टेंभेकरांच्या सह्या शिक्षक म्हणून आधीच होत्या. मी विचारलं तर कॅप्टन म्हणाले की सगळीकडे असंच चालतं, पुढं शिकशीलच, आणि आता मागं हटलास तर भरलेले पैसे गेले. मी सही केली. विष्णूनंही केली.

त्यामुळं माझं पहिलं उतरणं इंदूरला, मागं चव्वेचाळीस माणसं घेऊन झालं. शेजारचे पायलट वयस्क होते, त्यांना वाटलं मी तयार आहे. चाकं आपटली, विमान पुन्हा उचललं गेलं, मागं एक बाई मोठ्यानं रडायला लागल्या. शेवटी त्यांनीच माझ्या हातून काढून घेऊन उतरवलं. नंतर म्हणाले, सवय होईल.  संध्याकाळी चहाचा कप विष्णूनं माझ्या तोंडाशी धरला.

पगार अजून नाही. सराव पूर्ण होईपर्यंत मिळत नाही म्हणतात. जबलपूरकरांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगशील का? तुझा नवरा पहिल्यांदा काशीला येईल तेव्हा त्याला मी आपल्या बाबतपूरच्या विमानतळावर उतरवणार आहे, हळूच, आपटल्याशिवाय.

अण्णांना नमस्कार. लहान भावावर रागावून झालं की लोभ करावा.

तुझा,
शार्दूल

अंधेरी, मुंबई
१८ जानेवारी १९९७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

फार लिहिता येत नाही. मला काढलं.

डिसेंबरात मी आणि विष्णूनं पगाराचा अर्ज केला. आठ महिने फुकट उडवलं, आता तरी द्या, एवढंच लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी टेंभेकरांनी बोलावून माझ्याबद्दलचा अहवाल हातात ठेवला. त्यात ‘विमान हाताळण्यास अपात्र’ असं लिहून खाली त्यांची सही. माझ्या खुर्चीत दुसऱ्या दिवसापासून नवा मुलगा बसला. त्यानंही पैसे भरलेत. त्याच्यामागं आणखी नऊ जण पैसे भरून थांबलेत हे मला त्याच्याकडूनच कळलं. म्हणजे आम्ही नोकर नव्हतोच ताई, गिऱ्हाईक होतो. विष्णूनं अर्ज मागं घेतला म्हणून त्याला ठेवलं, अजून बिनपगारी.

दोन कंपन्यांत जाऊन आलो. अहवाल बघतात आणि चहा विचारून परत पाठवतात. या कागदावर मला कुणी घेणार नाही.

अण्णांना कसं सांगायचं ते तू ठरव. मी घरी येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ?

शार्दूल

॥ श्री ॥

रामघाट
२ फेब्रुवारी १९९७

चि. शार्दूल यास आशीर्वाद.

याच तोंडानं ये, दुसरं तुला दिलेलं नाही. पण लगेच येऊ नकोस. मुंबईत तुझ्याकडून कामं करून घ्यायची आहेत.

अण्णांना मी सांगितलं. ते उठून विद्यार्थ्यांना वेदाची संथा द्यायला बसले. एका मुलाचा स्वर चुकला तर त्याला थांबवलंही नाही. असं मी पूर्वी पाहिलेलं नाही.

आता माझंही ऐक, कारण यापुढं आपण एकमेकांपासून काही लपवायचं नाही. सुशांतरावांचं लग्न मार्गशीर्षात झालं. सागरची मुलगी आहे. दिवाळीत मी तुला ‘त्यांच्याकडे सवड नाही’ असं लिहिलं होतं ते खोटं होतं. त्यांच्या आईनं लिहिलं होतं की दीड वर्ष थांबलो, आता आमच्यानं होत नाही. त्यांची चूक काढायला जागा नाही. मी एकतीस वर्षांची आहे शार्दूल. शाळेत पोरी मला ‘बहनजी’ म्हणतात आणि गल्लीतल्या बायका आता माझ्या पाठीमागं बोलताना आवाजही हळू करत नाहीत.

मी रडून घेतलं, ते संपलं. आता मला तो माणूस हवाय. माझ्या हातची खीर दोनदा मागून खाल्ली त्यानं, आणि माझ्या भावाला नालायक ठरवताना त्याचा हात अडखळला नाही. अण्णा म्हणतात, देव बघेल. देवाला बघायचं तेव्हा तो बघेल. मी आधी बघते.

तुझ्याकडे जे जे कागद आहेत, लॉगबुक, पैसे भरल्याच्या पावत्या, तो अहवाल, सगळ्याची झेरॉक्स काढून रजिस्टरनं पाठव. एक पान गाळू नकोस. आणि दोन वेळ जेव. उपाशी माणूस भांडणात कामाचा नसतो.

तुझी,
ताई

रामघाट
२७ फेब्रुवारी १९९७

चि. शार्दूल,

आशीर्वाद नंतर, आधी बातमी.

कागद परवा मिळाले. काल शाळेतून आल्यावर चौकात चटई टाकून एकेक पान वाचत बसले. मला त्यातलं अर्धं कळत नाही, पण तारखा कळतात. ती सहा खोटी उतरणं कुठल्या दिवशी लिहिली आहेत हे तू कधी नीट पाहिलंस का? औरंगाबाद, सकाळी सव्वादहा ते दुपारी एक, शिक्षक कॅप्टन श्री. दा. टेंभेकर, तारीख एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे शहाण्णव.

मी ते तीनदा वाचलं. मग उठून चूल विझवली, कारण दूध उतू जात होतं आणि मला दिसत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सव्वादहाला तो पंचगंगेच्या पायऱ्यांवर उघड्या अंगानं दर्भ धरून बसला होता. एक वाजता माझ्या पंगतीत होता. कारकुनानं विमानाच्या मोकळ्या तारखा बघून कागद भरले असतील आणि यानं गठ्ठ्यावर न वाचता सह्या ठोकल्या असतील. आपल्या वहीत मात्र त्यानं वाचून, डोळे पुसून सही केली आहे. मी वही काढून पाहिली. ‘श्रीनिवास दामोदर टेंभेकर, पुणे, पित्याचे वर्षश्राद्धानिमित्त, २९-२-९६.’ शाईसुद्धा पुसट झालेली नाही.

एवढा एक पुरावा आहे जो त्यांच्या कपाटात नाही. बाकी सगळे कागद त्यांनीच केलेले, त्यांच्याच ताब्यात.

अण्णांना दाखवलं. त्यांनी दोन्ही तारखा पाहिल्या, वही माझ्या हातून घेतली, लाल फडक्यात बांधली आणि वर ठेवली. म्हणाले, “वही यजमानाची असते. आपण फक्त राखतो.” यजमान विश्वासानं सही करतो, ती त्याच्याविरुद्ध वापरायची नाही, आपल्या घराण्यात कुणी वापरली नाही. मी म्हटलं, त्याच घराण्यातली मुलगी घरी बसली आणि मुलगा मुंबईत तोंड लपवतोय. त्यावर ते संध्येला गेले.

मी वही चोरू शकते. मला जागा ठाऊक आहे. पण अण्णा स्वतः ‘हो, हा माणूस त्या दिवशी माझ्यासमोर होता’ असं म्हणाले नाहीत तर नुसत्या वहीचा उपयोग किती? म्हणून थांबले आहे. तुला काय वाटतं ते लगेच कळव.

राग शिळा होऊ देऊ नकोस. लोभ तर आहेच.

ताई

मुंबई
१५ मार्च १९९७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी एक मूर्खपणा केला, तो आधी सांगतो. रात्रभर झोप नव्हती. सकाळी खालच्या बूथवरून टेंभेकरांना फोन लावला. म्हटलं, एकोणतीस फेब्रुवारीला तुम्ही कुठं होता ते रामघाटावर लिहिलेलं आहे, तुमच्याच हातानं.   त्यांनी फोन ठेवून दिला. त्या एका मिनिटाचं मला जे सुख झालं ते आठ महिन्यांत विमानातही झालं नव्हतं. पण आता ते सावध झाले.

दुसरं असं की त्या पानावर माझीही सही आहे. ते खोटं ठरलं तर मीही खोटा. मी विमान खात्याच्या एका निवृत्त गृहस्थांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले की शिक्षकाचं लायसन जाईल, आणि मुलाचंही काही काळ तरी जाईल. कायमचंही जाऊ शकतं. म्हणजे त्यांना पाडायचं तर मला त्याच दोरीला धरून उडी मारायची आहे.

मी घाबरलोय ताई. हे तुझ्यापासून लपवत नाही. पण इंदूरची ती रडणारी बाई मला अजून ऐकू येते. नवीन मुलांचीही उतरणं कागदावरच होतायत, विष्णू सांगतो. ते कधीतरी कुणाला मारतील. मग मी गप्प बसलो होतो हे मला ठाऊक असेल.

अण्णा हो म्हणाले तर मी तयार आहे. ते नाही म्हणाले तर मी त्यांच्यावर रागावणार नाही, असं त्यांना सांग. तुझं मात्र मला सांगता येत नाही.

दादरला एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागलोय. पोरं मला ‘पायलट सर’ म्हणतात. कुणी सांगितलं त्यांना, कोण जाणे.

धाकट्याला विसरू नये.

शार्दूल

॥ श्रीबिंदुमाधव प्रसन्न ॥

श्रीक्षेत्र काशी
२१ एप्रिल १९९७

चिरंजीव शार्दूल यास नीलकंठचे अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम असून तुझे क्षेम चिंतितो.

मी पत्रे फारशी लिहीत नाही, अंबिका लिहिते ते पुरते. हे मात्र मीच लिहावे असे आहे.

गेल्या गुरुवारी श्रीनिवासराव टेंभेकर आगाऊ न कळविता आले. अंबिका शाळेत होती. फळांची करंडी आणि एक पाकीट त्यांनी पुढे ठेविले. पाकिटास मी हात लाविला नाही. त्यांनी वही पाहावयास मागितली. यजमानास तो अधिकार आहे, म्हणून मी ती काढून उघडून दिली. त्यांनी आपल्या सहीवर बोट ठेवून हे पान काढून टाकावे असे सांगितले. त्याबदली तुझा अहवाल ते बदलून देणार, पुढील महिन्यापासून तुला पगारावर घेणार, आणि तसे पत्र त्यांनी सोबत आणिले होते. पत्र खरे होते, मी वाचिले. तुझे नाव त्यात होते.

मी त्यांस समजावून पाहिले. म्हटले, याच पानावर आपल्या वडिलांचे नाव आहे. सर्वांत वर आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर आहे, ते पुण्याहून पायी आले होते. पान गेले तर ते सर्व जाईल. ते म्हणाले, “काढा. त्यांना आता काय फरक पडतो?”

शार्दूल, मी बावन्न वर्षे लोकांच्या पितरांना पाणी देतो आहे. लोभी यजमान पाहिले, भांडखोर पाहिले, श्राद्धाच्या दिवशी भावाशी हातघाईवर आलेले पाहिले. आपल्या बापाचे नाव फाडून द्या म्हणणारा पाहिला नव्हता. वही यजमानाच्या विश्वासाची म्हणून मी ती राखीत होतो. त्या विश्वासातले त्यांच्याकडे काही उरलेले नाही हे त्यांनीच मला सांगितले. मी म्हणालो, “श्रीनिवासराव, मी हे पान काढणार नाही आणि लपवणारही नाही. आपण आता जावे.” करंडीतील फळे अंबिकेने आल्यावर गल्लीतल्या गाईला घातली.

तुला न विचारता मी तुझी नोकरी नाकारिली. त्याबद्दल तू माझ्यावर रागावलास तर तो तुझा अधिकार आहे. माझे सांगतो. विद्यार्थ्यांना मी क्रोध आवरावा म्हणून शिकवितो. तुझी आई गेली तेव्हाही मी कुणावर, देवावरही, रागावलो नाही. या वयात आता मला राग आला आहे आणि तो जावा असे मला वाटत नाही. सकाळी स्नानाला उतरतो तेव्हाही तो बरोबर असतो.

विमान खात्याकडे तक्रारीचा अर्ज कर. दिल्लीस बोलावतील तेव्हा मी वही घेऊन येईन. तुझी सहीही खोटी आहे हे अंबिकेने मला सांगितले. ते तू स्वतःच्या तोंडाने सांगावेस, कुणी विचारण्याची वाट पाहू नये.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

नीलकंठ काशीनाथ आठल्ये

नवी दिल्ली
१९ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

अण्णांना काल गाडीत बसवून दिलं, ते हे पत्र पोचायच्या आधी घरी असतील. पण ते तुला काही सांगणार नाहीत म्हणून मी लिहितो.

येताना रात्रभर ते वही मांडीवर घेऊन बसले होते. गाडीतलं पाणी प्याले नाहीत. चौकशीच्या खोलीत धोतर-उपरण्यातले ते एकटेच. टेंभेकर कोट घालून समोर, शेजारी वकील. अधिकारी दक्षिणेकडचे, शांत माणूस. अण्णांनी वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली. वकील म्हणाले की सही आधी किंवा नंतर कधीही करून घेता येते, तारीख कुणीही घालतं.

अण्णांनी तो मुद्दा हिंदीत नीट समजून घेतला. मग म्हणाले की श्राद्धाच्या सुरुवातीला यजमान संकल्प सोडतो. त्यात तो आपण कुठल्या क्षेत्री, कुठल्या तीरावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या तिथीला बसलो आहोत हे स्वतःच्या तोंडानं म्हणतो. ते त्यांनी तिथं म्हणून दाखवलं, त्या दिवसाचं, जसंच्या तसं. जेवायला बसलेल्या पाचही ब्राह्मणांची नावं आणि घरं सांगितली, बोलावलं तर उद्या येतील म्हणाले. मग टेंभेकरांकडे वळून विचारलं, “माझ्यामागून तीनदा म्हटलंत. ते खोटं होतं का औरंगाबाद खोटं होतं?”

 वकिलांनी कागद आवरायला घेतले. अधिकाऱ्यांनी ‘उत्तर दिले नाही’ असं लिहून घेतलं.

मग मी उभा राहिलो. विचारायच्या आधीच सांगितलं की खालची सही माझी आहे आणि ती करताना मला ठाऊक होतं.

निकाल आज हातात आला. टेंभेकरांचं लायसन रद्द झालं, शिकवण्याचा अधिकार कायमचा गेला. कंपनीची विमानं सगळे कागद तपासून होईपर्यंत उभी राहतील. माझं लायसन अठरा महिने निलंबित.

जिन्यात टेंभेकर भेटले. म्हणाले, मला बुडवताना तूही बुडालास. मी म्हटलं, “माझं वय सव्वीस आहे, कॅप्टन. तुमचं?” ताई, हे मी महिनाभर घोकून ठेवलेलं नव्हतं, तिथंच सुचलं. त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

एक गोष्ट मात्र गोड लागली नाही. चौकशी सुरू झाल्यापासून इतर मुलांचेही कागद तपासतायत, गेल्या महिन्यातच विष्णूचंही लायसन अडकलं. त्यानं आपलं सामान बांधलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता साताऱ्याला गेला. माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवून गेला होता. त्याला मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

अण्णांच्या गुडघ्याला शेक दे, जिने फार चढावे लागले. आणि आता तरी तुझ्या मनासारखं झालं का, ते खरं सांग.

तुझा,
शार्दूल

रामघाट, काशी
१० मार्च १९९८

चि. शार्दूल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू ऑक्टोबरात विचारलं होतंस त्याचं उत्तर मी दिलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. आता आहे.

परवा टेंभेकर आला होता. पुण्याला त्याची म्हातारी आई आहे, तिनं हट्ट धरला की नवऱ्याचं श्राद्ध काशीतच झालं पाहिजे. आधी तो रामघाटावर दोन घरी आणि एका ठिकाणी अमृतराव घाटाकडं जाऊन आला. सगळ्यांनी विचारलं, तुमचे पुरोहित कोण? आठल्ये म्हटल्यावर दारं लावून घेतली. दुसऱ्याचा यजमान इथं कुणी घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. शेवटी तो आपल्याच दाराशी आला. खूप वाळलाय. कोट नव्हता, स्वेटर होता, त्याचं एक कोपर उसवलेलं. मी त्याला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं आणि अण्णांना हाक मारली.

मला वाटलं होतं अण्णा त्याला घालवून देतील. ते म्हणाले, श्राद्ध दामोदरपंतांचं आहे, त्यांचा काही अपराध नाही, उद्या सात वाजता पंचगंगेवर या. मी आत येऊन सांगितलं की मी रांधणार नाही. या घरात पितरांच्या स्वयंपाकाला मी कधी नाही म्हटलेलं नाही, अण्णांनाही ते ठाऊक होतं. ते नुसते ‘बरं’ म्हणाले. सकाळी उठून त्यांनी स्वतः चुलीवर पिंडांसाठी भात शिजवला. खाली थोडा लागला, पण शिजवला.

मी कळशी घेऊन वरच्या पायरीवर उभी होते. अण्णांनी सगळं यथासांग केलं. एक अक्षर गाळलं नाही, आवाज चढवला नाही, त्याचा दर्भ वाकडा झाला तो दोनदा सरळ करून दिला. मला तर राग यायला लागला होता, की हे काय चाललंय. पिंड गंगेत गेले. मग तो हात जोडून, मान खाली घालून बसला.

तुला आठवतं ना, शेवटी यजमान असा बसतो आणि पुरोहित त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘सुफल’ म्हणतो. ते ऐकल्याशिवाय यजमान उठत नाही, कारण तोवर त्याचं केलेलं पदरात पडत नाही. अण्णांनी ते कधी रोखलेलं नाही. दक्षिणा न देणाऱ्यालाही, शिव्या देऊन गेलेल्यालाही त्यांनी सुफल म्हटलंय.

अण्णांनी ताम्हण धुतलं. पळी-पंचपात्र पिशवीत घातलं. आसन झटकून घडी केली. आणि पायऱ्या चढायला लागले.

त्यानं मान वर केली. म्हणाला, “शास्त्रीजी, सुफल?”

अण्णा दोन पायऱ्या वर थांबले. म्हणाले, “वडिलांना पोचलं. तुमचं मला सांगता येणार नाही.”

आणि माझ्या शेजारून वर निघून गेले. घरी आल्यावर चहा मागितला, अर्धा कप नेहमीसारखा, आणि विद्यार्थ्यांना घेऊन बसले. आवाज स्वच्छ होता. मी त्यांना काही विचारलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं, या घरात सूड एकटी मीच धरून बसले आहे.

त्यानंतर मी पाणी आणायला म्हणून दोनदा घाटावर जाऊन आले. घरात नळाला पाणी होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा तो तसाच हात जोडून बसला होता, जवळून नावाडी जात होते, कुणी त्याच्याकडं पाहत नव्हतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हात सोडलेले होते, पण उठलेला नव्हता. मला पाहून त्यानं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. मी कळशी भरली, नीट कडेवर घेतली, आणि आले.

झालं माझ्या मनासारखं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ये. जिवाला जप, आणि ताईची आठवण आली तर ती लिहून कळव, मनात ठेवू नकोस.

तुझी,
अंबिका